आधी वास

लाल तिखटाचा आणि नुकत्याच कापलेल्या लिंबाचा वास एकत्र आला, की मी आजही आधी शेगडीच्या बटणाकडे पाहते. फळं चिरायला बसलेल्या बाईला शेगडीशी काय करायचंय, असं कुणीही म्हणेल. पण माझ्या मनात त्या दोन वासांच्या मागे एक तिसरा वास दबा धरून बसलेला असतो. तो आला नाही याची खात्री पटली, की मगच मी सुरी हातात घेते.

नगरच्या सावेडीतल्या आमच्या गल्लीत, माझ्या घरापासून दोन घरं सोडून निमसेबाईंचं बैठं घर आहे. फाटकाला आता कुलूप असतं. कुंपणावरची जाई कुणी छाटत नाही आणि ती वाटेल तशी वाढून खिडकीच्या गजांत शिरली आहे. संध्याकाळी तिच्या वासाने गल्ली भरून जाते. तेवढ्या वेळात तरी मला त्या घरावरून जाववत नाही.

बाईंना मी प्रथम पाहिलं ते देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत. त्या आम्हाला गृहविज्ञान शिकवायच्या. साखर कारखान्याच्या गळिताच्या हंगामात मळीचा जड, गोडसर, किंचित कुजका वास गावावर उतरायचा तो महिनोन्महिने उठायचा नाही. आमच्या पुस्तकांना तो यायचा, वेण्यांना यायचा, डब्यातल्या पोळीलाही यायचा. त्या वासाखाली बाकी सगळे वास बुडून जात. निमसेबाईंचं नाक मात्र त्याच्याही तळाशी जाऊन हवं ते वर काढायचं. वर्गात पाऊल टाकण्याआधी त्या दारातच क्षणभर उभ्या राहत. कांजी केलेलं सुती लुगडं, कमरेला खोचलेला हातरुमाल, मान किंचित वर. मग म्हणत, "मागच्या बाकावर कुणाच्या तरी डब्यात कालची भाजी आहे. आत्ता टाकून ये. रागवत नाहीये."

"आधी वास, मग हात, मग तोंड," हे त्यांचं पालुपद. फळ असो, पीठ असो, तेल असो, पहिला मान नाकाचा. पपई देठाशी हुंगायची, खरबूज बुडाशी, आणि लिंबाच्या सालीला नख लावून. "जिभेला फसवता येतं गं," त्या म्हणत, "मीठ टाकलं, गूळ टाकला, की ती गप्प. नाकाला फसवून दाखवा."

एकदा प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही मुली स्टोव्हभोवती उभ्या होतो. एकीने काडी पेटीवर टेकवली होती. बाई तेव्हा दारापाशी होत्या. तिथूनच त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "थांब." आवाज चढला नव्हता, पण त्या मुलीचा हात जागच्या जागी थिजला. बाई सावकाश आत आल्या आणि टेबलाखाली वाकल्या. स्टोव्हच्या टाकीतून रॉकेल पाझरून फरशीवर पसरलं होतं, आमच्या चपलांखालीच. मळीच्या वासात आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता. बाईंनी काडी त्या मुलीच्या बोटांतून काढून घेतली, पदराच्या टोकात बांधली आणि म्हणाल्या, "चला, आज तोंडीच शिकू." पुढे त्या प्रसंगाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. वर्गातल्या मुली मात्र काडी ओढण्याआधी अजूनही श्वास घेत असतील. मी घेते.

पुढे कितीतरी वर्षांनी मी सावेडीत राहायला आले, तेव्हा बाई निवृत्त होऊन तिथे राहत होत्या. माझ्या फाटकाशी येऊन त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मेथीला लसूण जरा जास्त झालाय, पण चालेल." गल्लीतल्या प्रत्येकाला त्या असंच भेटत. नमस्कार नाही, विचारपूस नाही, ज्याच्या त्याच्या चुलीवर काय आहे ते सांगायचं. बाईंच्या शेजारी कदमकाका राहत. लष्करातून निवृत्त झालेले, बोलणं तिरकस. ते म्हणायचे, "बाई सीमेवर असत्या तर आम्हाला दुर्बिणी लागल्या नसत्या."

मग साथीची दुसरी लाट आली. बाई आणि त्यांचे यजमान, निमसेसर, दोघांनाही ताप भरला. दवाखान्यातून बाई एकट्याच परत आल्या. त्यानंतर त्या फाटकाशी येऊन कुणाच्या भाजीबद्दल काही बोलल्या नाहीत. सरांचं दुःख आहे, असं आम्ही सगळ्यांनी मानलं. ते होतंच. दुःखाचा पडदा इतका मोठा होता, की त्याच्या आड आणखी काही असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी मंजिरी मेक्सिकोत असते, ग्वादालाहारा नावाच्या शहरात. आपल्याकडे रविवारची सकाळ असते तेव्हा तिकडे शनिवारची रात्र. त्या वेळी तिचा फोन येई. बाई मोबाईल ओट्यावर, साखरेच्या डब्याला टेकवून उभा करत. मंजिरीनेच त्यांना तिकडचा तो फळांचा प्रकार शिकवला. पहिल्यांदा केला त्या दिवशी मी तिथे होते.

"आई, फोडी नकोत. बोटाएवढे लांब तुकडे. उंच ग्लासात उभे राहायला हवेत."

"फळांना काय प्रार्थनेला उभं करायचंय का?"

"कर गं तू. इकडे गाड्यावर असंच देतात."

आंबा, कलिंगड, पपई, अननस, काकडी. तिकडे एक पांढरा, पाणीदार, कच्चाच खाल्ला जाणारा कंद घालतात. तो नगरात कुठून मिळणार, म्हणून बाईंनी कोवळा नवलकोल सोलून घातला. खाताना तो दाताखाली ओल्या पाटीसारखा करकरला. वरून संत्र्याचा रस, मग श्रीगोंद्याकडच्या पातळ सालीच्या लिंबाचं भरघोस पाणी, मीठ, आणि शेवटी लाल तिखट. कलिंगडाच्या लालीवर तिखटाची लाली बसली आणि लिंबाच्या थेंबांनी तिचे ओघळ झाले. पेरूला तिखट-मीठ लावून वाढलेल्या आम्हा माणसांना त्यात नवल वाटायला नको होतं, तरी वाटलं. पहिला तुकडा तोंडात टाकताच बाईंचे डोळे मिटले. मग भरून आले. त्या पुटपुटल्या, "लागतंय." मला वाटलं, तिखट लागतंय.

तेव्हापासून दर रविवारी गल्लीत स्टीलच्या वाट्या फिरू लागल्या. वर ताटली झाकलेली, ताटलीवर अर्धं लिंबू. आपल्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. मग कुणी तिच्यात भाजी घाली, कुणी खिचडी, कुणी शेंगदाण्याची चटणी आणि वर दोन भाकरी. आणि आपल्याकडे शेजारून आलेल्या जिनसेला नाव ठेवत नाहीत, तेही तितकंच पक्कं. त्यामुळे उन्हाळा सरता सरता वाटीतलं तिखट वाढत गेलं, तरी त्याविषयी बाईंपाशी कुणी बोललं नाही. कदमकाका माझ्यापाशी म्हणाले, "परवा वाटी संपवली आणि आरशापुढे जाऊन जीभ आहे का बघितली." आणि लगेच बाई फाटकात दिसल्या तेव्हा, "झकास होतं, बाई. अगदी झकास."

पावसाळ्यात एका रविवारच्या वाटीतली पपई आंबलेली होती. ताटली उचलताच दारूच्या भट्टीशेजारून जावं तसा वास आला. गल्लीतल्या कुठल्याच घरात ती खाल्ली गेली नसणार. पण वाट्या धुऊन, भरून, हसतमुखाने परत गेल्या.

त्याच आठवड्यात हिराबाईच्या हातगाडीपाशी मला बाई दिसल्या. राहुरीकडून फळं आणून विकणारी हिराबाई त्यांना कित्येक वर्षं ओळखत होती. बाईंनी पपई हातात घेतली, अंगठ्याने दाबली, पुन्हा दाबली, आणि विचारलं, "कशी आहे?"

हिराबाईने तराजू खाली ठेवला. "आवं बाई, तुमी मला इचारता व्हय? तुमी वास घिऊन माघारी दिलेल्या पपयांची माझ्या घरी लई भाजी झाली. लावा की देठाशी नाक."

"सर्दी आहे जरा."

"सर्दी तर उन्हाळ्यात बी हुती तुमाला," हिराबाई म्हणाली. ती हसत नव्हती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. पपई पिशवीत टाकली. तिच्या बुडाशी रुपयाएवढा काळा, मऊ डाग होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची वाटी परत करायला गेले. वाटीत मेथीची कोरडी भाजी होती, सोबत दोन पोळ्या. दार उघडंच होतं. आत पाय टाकला आणि मी थबकले. त्या घराला वास नव्हता. ज्या घरात हिंगाचा, तुपाचा, जिऱ्याच्या फोडणीचा वास भिंतींत मुरलेला असायचा, तिथे आता नुसती लिंबाची आंबट-कडू साल आणि तिखटाची धूळ होती. त्यापलीकडे काही नाही, जणू तिथे कुणी राहत नसावं. ओट्यावरच्या शेगडीवर भरतकामाचा रुमाल अंथरलेला होता. तिला सिलिंडर जोडलेलाच नव्हता. रेग्युलेटर काढून कोपऱ्यात ठेवलेला होता आणि रबरी नळी भिंतीशी गुंडाळून पडली होती.

बाई माझ्यासमोरच जेवायला बसल्या. भाजीवर लिंबू पिळलं, चमचाभर तिखट भुरभुरलं आणि मान खाली घालून भरभर खाल्लं. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे त्यांच्या बोटांवरून कळत होतं. मनगट किती बारीक झालं होतं ते मी तेव्हा पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मेथी होती की चाकवत?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं आहे.

"तापात गेला," त्या म्हणाल्या. "सरांबरोबरच. डॉक्टर म्हणाले येईल, येईल. नाही आला. आधी मला वाटलं, जग धुऊन कुणीतरी वाळत घातलंय. मग मंजूने ते फळ करायला लावलं. गोड, आंबट, खारट, तिखट. एवढे चार उरलेत माझ्याकडे, आणि चारही त्या एका ग्लासात होते."

"आणि शेगडी?"

"पावसाळ्याच्या तोंडाशी दूध उतू गेलं, जाळ विझला, आणि मी तिथेच उभी राहून पेपर वाचत होते. कदमांनी भिंतीपलीकडून आरडाओरडा केला. मी म्हटलं, सिलिंडर बदलत होते. त्या दिवशी नळी काढून ठेवली. पुन्हा लावली नाही."

तेव्हा मला त्या वाट्यांचा अर्थ लागला. रविवारच्या वाट्या आधी बुधवारीही येऊ लागल्या होत्या, मग एक दिवसाआड. बाई गल्लीला फळं देत होत्या आणि गल्ली त्यांना जेवू घालत होती. फक्त गल्लीला ते माहीत नव्हतं.

विजेची शेगडी आणू, वायू गळला की शिट्टी वाजवणारं यंत्र भिंतीला लावू, असं मी म्हणून पाहिलं. बाईंनी मान हलवली. "ओट्यावर नवं काही दिसलं की मंजू विचारणार, का. ती फोनमधून मला बघत नाही, माझा ओटा बघते. दिवाळीला येतेय ती, घराचं काय करायचं ते ठरवायला. वाईट नाही गं माझी पोर. तिला रात्री झोप येत नाही माझ्या काळजीने. पण तिला एक कारण सापडलं, की मी या घरात राहत नाही. आणि इथून उठून मी कुठे जाऊ? तिथे मला सगळं नवं, आणि त्यातल्या कशालाच वास नाही. इथलं निदान मला आठवतं. जाईपाशी उभी राहिले, की आठवतं."

मग शिक्षिकेच्या जुन्या स्वरात त्या म्हणाल्या, "कुणाला सांगायचं नाही. शब्द दे." मी शब्द दिला. त्यानंतर त्यांच्या घरी जाणाऱ्या माझ्या वाट्या डब्यांएवढ्या मोठ्या झाल्या.

रविवारी मंजिरीच्या फोनसमोर त्या पूर्वीसारख्याच उभ्या राहत. अननस नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि म्हणत, "वा, काय दरवळतोय." पडद्यावर मंजिरी हसे. मी दाराशी उभी राहून ते पाहत असे. इतक्या तन्मयतेने त्यांनी खरा वासही कधी घेतला नव्हता.

नवरात्रानंतर पेरू आले. कदमांच्या घरी नवी सून आली होती, स्नेहल. सरळ, मोकळी पोर. गल्लीचे रिवाज तिला अजून माहीत नव्हते. एका शनिवारी तिने बाईंची वाटी परत केली ती घासून, पुसून, लखलखीत आणि रिकामी. मी माझ्या अंगणात कपडे वाळत घालत होते.

"आजी, एक सांगू का? राग मानू नका," ती म्हणाली. "आता नका पाठवत जाऊ. लई तिखट असतं. मामंजी तर खातच नाहीत, कुंडीत टाकतात."

"कुंडीत?"

"गुलाबाच्या. आणि परवाचा पेरू किडका होता, आजी. वास येत होता त्याला."

बाई वाटीत बघत राहिल्या. त्या रिकाम्या वाटीत त्यांचा चेहरा वाकडा दिसत असेल. "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "उद्या तुला हुलग्याची शेंगोळी पाठवते. गरम गरम. माझ्या हातची."

"आजी, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"स्वयंपाक शिकवत होते मी," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लागल्याचा आवाज आला नाही. त्यांनी रागाने दार आपटलं असतं, तर मला कमी भीती वाटली असती.

रात्रभर मी त्या "गरम गरम"च्या अवतीभोवती जागी होते. सकाळी उठल्या उठल्या केस न बांधताच त्यांच्या घराकडे निघाले. जाईचा वास येत होता, ओल्या मातीचा येत होता. फाटकापाशी पोचले आणि त्या दोन्हींना मागे सारून तो तिसरा आला. सडलेल्या कांद्यासारखा, जड, जमिनीलगत सरपटणारा. पुढच्या पायरीवर तो दाट होता. उंबऱ्यात इतका दाट, की डोळ्यांत पाणी आलं.

स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद होत्या. ओट्यावर पातेलं मांडलेलं, परातीत हुलग्याचं मळलेलं पीठ, त्याची वळलेली शेंगोळी ताटात ओळीने लावलेली, सगळी एकसारखी, एकही वाकडी नाही. शेजारी लसूण ठेचलेला. रेग्युलेटर सिलिंडरवर बसवलेला होता, आणि महिनोन्महिने गुंडाळून पडलेल्या रबरी नळीला वळणापाशी चीर गेली होती. साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवलेला होता. बाईंनी नवं कांजीचं लुगडं नेसलं होतं, कमरेला रुमाल खोचला होता. त्यांची पाठ माझ्याकडे होती. उजव्या हातात लायटर होता, बर्नरशी नेलेला, अंगठा खटक्यावर.

"थांबा," मी म्हणाले.

माझा आवाज चढला नाही. त्यांचा हात जागच्या जागी थिजला. त्या वळल्या आणि त्यांनी आधी माझा चेहरा पाहिला. मग, माझ्या देखत, त्यांनी मान किंचित वर केली आणि श्वास आत घेतला. खोल, सावकाश, वर्गाच्या दारात घेत तसा. तो श्वास त्यांच्या आत गेला आणि कुठेच पोचला नाही.

मी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. तेवढ्यात ओट्यावरचा मोबाईल थरथरला आणि पडद्यावर मंजिरीचं नाव उजळलं. ज्या हवेत काडीही ओढू नये, तिच्यात तो गुरगुरत होता. मी तो उचलला, एका हाताने बाईंचा दंड धरला, आणि आम्ही अंगणात आलो, जाईच्या पार पलीकडे. तिथे मी फोन घेतला.

"ताई, तुम्ही?" मंजिरी म्हणाली. तिच्यामागे रात्र होती, पिवळा दिवा होता. "आई कुठेय? तुमचे केस... ताई, तुम्ही रडताय का? काय झालंय?"

"आई आहे. इथेच आहे."

"मग मला दिसत का नाही? ओटा कुठेय? ताई, खरं सांगा, काय झालंय?"

मी बाईंकडे पाहिलं. सकाळचं कोवळं ऊन त्यांच्या लुगड्याच्या कांजीवर पडलं होतं. पिठाचे पांढुरके डाग बोटांवर वाळत होते. कितीतरी वेळ त्या आपल्या घराच्या उघड्या दाराकडे बघत होत्या. त्या दारातून तो वास अजून बाहेर येत होता, आणि तो फक्त मला येत होता. मग त्या खाली वाकल्या. हातातला लायटर त्यांनी फरशीवर ठेवला, वर्गात खडू ठेवायच्या तसा, अलगद, आवाज न करता. उभ्या राहिल्या. कमरेचा रुमाल काढून बोटं एकेक करून पुसली. फोनमधून मंजिरी पुन्हा पुन्हा "आई, आई" म्हणत होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सांग."